ग्रामीण रहस्यमालिका

ग्रामीण रहस्यमालिका हा दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथांचा एक उपप्रकार आहे. वरवर शांत दिसणाऱ्या खेड्यात किंवा लहान गावात घडलेला खून, संशयास्पद मृत्यू अथवा एखाद्या व्यक्तीचे अचानक नाहीसे होणे आणि त्यामागील सत्याचा शोध, हे या मालिकांचे कथाबीज असते. या प्रकाराचा उगम इंग्लंडमधील रहस्यकादंबरीत असून ‘मिस मार्पल’ आणि ‘मिडसमर मर्डर्स’ या ब्रिटिश मालिकांमुळे तो जगभर परिचित झाला. मराठीत त्याला ठळक रूप २०१६ नंतर आले. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६), ‘देवमाणूस’ (२०२०) आणि ‘मानवत मर्डर्स’ (२०२४) या त्यातील प्रमुख मालिका होत.

इंग्रजी मालिकांत बहुधा ‘खून कोणी केला’ हा प्रश्न केंद्रस्थानी असतो. मराठी मालिकांत त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो: एवढे सारे घडत असताना गावाला ते कळले कसे नाही, आणि कळले असेल तर गाव गप्प का राहिले? या दुसऱ्या प्रश्नामुळे मराठी ग्रामीण रहस्यमालिकेची घडण, तिच्यातील शोधकर्ता आणि तिच्यावर झालेली टीका या तिन्ही गोष्टी इंग्रजी मालिकांपेक्षा वेगळ्या ठरतात.

संज्ञा आणि व्याप्ती

‘ग्रामीण रहस्यमालिका’ ही संज्ञा येथे वर्णनात्मक अर्थाने वापरली आहे. खेडे किंवा लहान गाव हे केवळ पार्श्वभूमी म्हणून न येता गुन्ह्याचे कारण, तो लपण्याची सोय आणि तो उघड होण्याचा मार्ग या तिन्हींशी निगडित असेल, तर ती मालिका या प्रकारात मोडते. शहरी पोलीस ठाण्यातील तपासावर आधारलेल्या मालिका, तसेच निव्वळ भयकथा यांचा समावेश त्यात होत नाही. मात्र मराठीत भयकथा आणि रहस्यकथा यांच्या सीमा अनेकदा एकमेकींत मिसळलेल्या आढळतात.

इंग्रजी परंपरा

इंग्रजी रहस्यकथेत ग्रामीण भागाला आरंभापासून महत्त्वाचे स्थान आहे. १८६० मध्ये इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील रोड या गावातील एका घरात तीन वर्षांच्या बालकाचा खून झाला. तपासासाठी लंडनहून आलेल्या जोनाथन विचर या पोलीस अधिकाऱ्याने घरातीलच सोळा वर्षांच्या मुलीवर संशय घेतला. प्रतिष्ठित कुटुंबातील मुलीवर एका सामान्य स्थितीतील पोलिसाने आरोप करावा, हे तत्कालीन समाजाला रुचले नाही. मुलगी सुटली आणि विचर यांच्यावर टीकेची झोड उठली. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये, त्या मुलीने गुन्ह्याची कबुली दिली. विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीतील सार्जंट कफ या पात्रावर या प्रकरणाची छाया आहे.

आर्थर कॉनन डॉयल यांनी ‘द कॉपर बीचेस’ (१८९२) या कथेत शेरलॉक होम्सच्या तोंडी एक विचार घातला आहे. शहरातील गल्लीत आरडाओरडा झाला तर शेजारी धावून येतात. एकाकी शेतघरात वर्षानुवर्षे दुष्कृत्ये चालली तरी त्यांचा पत्ता लागत नाही, असा त्याचा आशय आहे. ग्रामीण रहस्यकथेचे सूत्र त्यात आले आहे.

ॲगाथा ख्रिस्ती यांनी ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ (१९३०) या कादंबरीत सेंट मेरी मीड या कल्पित खेड्याचे आणि मिस मार्पल या वृद्ध अविवाहित स्त्रीचे चित्रण केले. मिस मार्पलकडे अधिकार नाही, प्रयोगशाळा नाही. गावातील माणसांचे स्वभाव आयुष्यभर न्याहाळल्याचा अनुभव हेच तिचे साधन. बीबीसीने १९८४ ते १९९२ या काळात मिस मार्पलच्या बाराही कादंबऱ्यांवर मालिका केली. तीत जोन हिक्सन यांनी प्रमुख भूमिका साकारली. हॅम्पशायरमधील नेदर वॉलप हे गाव पडद्यावर सेंट मेरी मीड झाले.

कॅरोलिन ग्रॅहम यांच्या कादंबऱ्यांवर आधारित ‘मिडसमर मर्डर्स’ ही मालिका २३ मार्च १९९७ रोजी आयटीव्ही वाहिनीवर सुरू झाली. मिडसमर हा कल्पित परगणा असून त्यातील टुमदार खेड्यांत एकामागून एक खून होत राहतात. चीफ इन्स्पेक्टर टॉम बार्नबी यांची भूमिका २०११ पर्यंत जॉन नेटल्स यांनी केली. त्यानंतर नील डजन हे जॉन बार्नबी या नात्याने चुलतभाऊ असलेल्या पात्राच्या भूमिकेत आले. जी. के. चेस्टरटन यांच्या पात्रावर बेतलेली ‘फादर ब्राउन’ (२०१३ पासून) ही मालिका १९५० च्या दशकातील केम्बलफोर्ड या कल्पित गावात घडते.

कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ मध्ये लिहिलेल्या निबंधात या प्रकाराची मीमांसा केली आहे. स्थळ जितके निष्पाप आणि सुव्यवस्थित, तितका तेथील खून अधिक विसंगत वाटतो. गुन्हेगार सापडला की गाव पुन्हा पूर्ववत निर्मळ होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बहुतेक इंग्रजी ग्रामीण रहस्यमालिकांचा शेवट या सूत्रानुसार होतो.

मराठीतील पूर्वपीठिका

साहित्य

मराठीत रहस्यकथेचा मोठा वाचकवर्ग बाबूराव अर्नाळकर यांनी निर्माण केला. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची पात्रे अनेक दशके लोकप्रिय होती. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आदी लेखकांनी हा प्रवाह चालू ठेवला. शेरलॉक होम्सच्या कथा भालबा केळकर यांनी मराठीत आणल्या, तर ॲगाथा ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्यांचे अनुवाद नाटककार व अभिनेते मधुकर तोरडमल यांनी केले. मात्र स्वतंत्र मराठी रहस्यकथा मुख्यतः मुंबईसारख्या महानगरात वावरत राहिली.

दुसरीकडे, मराठी ग्रामीण कथेने खेड्यातील माणसांचे हेवेदावे, बेरकीपणा आणि अफवा यांचे सूक्ष्म चित्रण केले होते. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांच्या लेखनात खेडे क्वचितच ‘शांत’ असते. मिरासदारांच्या ‘भुताचा जन्म’ या विनोदी कथेत गावगप्पांतून भूत कसे आकाराला येते हे दाखविले आहे. रहस्यकथेचे तंत्र आणि ग्रामीण कथेची दृष्टी हे दोन प्रवाह मात्र मराठीत दीर्घकाळ वेगळेच राहिले.

चित्रपट

हे दोन प्रवाह एकत्र येण्याचे महत्त्वाचे उदाहरण म्हणजे जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ (१९७४) हा चित्रपट. त्याची पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. साखर कारखाना आणि गाव या दोहोंवर हुकमत असलेले हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) यांच्या आश्रयाला एक मद्यपी, भणंग मास्तर (श्रीराम लागू) येतो. मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माजी सैनिकाचे नाव त्याच्या कानी पडते आणि त्याचे पुढे काय झाले, हे तो विचारत राहतो. गावातील प्रत्येकाला काही ना काही ठाऊक असते, पण बोलण्यास कोणी धजत नाही. बाहेरून आलेला शोधकर्ता, सत्तेच्या धाकाने गप्प बसलेले गाव आणि बेपत्ता माणूस हे ‘सामना’तील तीन घटक नंतरच्या मराठी ग्रामीण रहस्यमालिकांतही दिसतात. हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला.

दूरचित्रवाणी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ आणि ‘हॅलो इन्स्पेक्टर’ या गुन्हेशोधावरील मालिका लोकप्रिय ठरल्या. ‘एक शून्य शून्य’चे दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि अभिनेते शिवाजी साटम ही जोडी पुढे १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’ या हिंदी मालिकेमुळे देशभर पोहोचली. ‘हॅलो इन्स्पेक्टर’मध्ये रमेश भाटकर यांची प्रमुख भूमिका होती. खासगी वाहिन्यांच्या काळात ‘लक्ष्य’, ‘अस्मिता’ (२०१४), ‘१०० डेज’ (२०१६), ‘रुद्रम’ (२०१७) अशा मालिका आल्या. त्यांपैकी ‘अस्मिता’मध्ये खासगी गुप्तहेर म्हणून काम करणारी तरुणी नायिका होती. या मालिकांचे विश्व प्रामुख्याने शहरी होते.

प्रमुख मराठी मालिका

रात्रीस खेळ चाले

ही मालिका २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठी वाहिनीवर सुरू झाली. तिचे दिग्दर्शन राजू सावंत यांचे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नाईक कुटुंबाचा वाडा हे कथेचे स्थळ असून सावंतवाडीजवळच्या आकेरी येथे तिचे चित्रीकरण झाले. कुटुंबप्रमुख अण्णा नाईक यांच्या मृत्यूनंतर मुंबईत स्थायिक झालेली मुले-सुना वाड्यात एकत्र येतात आणि अनाकलनीय घटनांची मालिका सुरू होते. जमिनीची वाटणी, अण्णांचे भूतकाळातील संबंध, घरातील जुने वैर आणि अदृश्य शक्तीचे भय हे धागे एकत्र गुंफलेले आहेत. प्रत्येक घटनेचे विज्ञानाच्या आधारे स्पष्टीकरण शोधणारी सून नीलिमा आणि गावातील श्रद्धा यांच्यातील ताण हा पहिल्या पर्वाचा एक आधार होता.

दुसरे पर्व १४ जानेवारी २०१९ रोजी सुरू झाले. ते पहिल्या पर्वाच्या आधीच्या काळात घडते. त्यात अण्णा (माधव अभ्यंकर) जिवंत असून शेवंता (अपूर्वा नेमळेकर) हे पात्र प्रथमच सविस्तर पुढे आले. पहिल्या पर्वात ‘काय घडले असावे’ याचा शोध होता; दुसऱ्या पर्वात अण्णांची दुष्कृत्ये प्रेक्षकासमोर घडतात आणि दडपली जातात. तिसरे पर्व २०२१ मध्ये आले. मालिकेतील पात्रे मोठ्या प्रमाणावर मालवणी बोलतात. पांडू हे विनोदी पात्र साकारणारे प्रल्हाद कुडतरकर यांचा मालिकेच्या लेखनातही सहभाग होता.

देवमाणूस

‘देवमाणूस’ ही मालिका ३१ ऑगस्ट २०२० रोजी झी मराठीवर सुरू झाली आणि तिचे पहिले पर्व १५ ऑगस्ट २०२१ रोजी संपले. अभिनेत्री श्वेता शिंदे आणि संजय खांबे यांच्या वज्र प्रॉडक्शन या संस्थेने तिची निर्मिती केली. गावात दवाखाना चालविणारा डॉ. अजितकुमार देव (किरण गायकवाड) हा गावकऱ्यांच्या लेखी देवमाणूस असतो. प्रत्यक्षात तो तोतया डॉक्टर असून विश्वासात घेतलेल्या स्त्रियांचा पैशासाठी व स्वार्थासाठी बळी घेतो. त्याच्या मागावर असलेल्या एसीपी दिव्या सिंग यांची भूमिका नेहा खान यांनी, तर डिंपल हे पात्र अस्मिता देशमुख यांनी साकारले. बोलण्यात ठसकेबाज म्हणी पेरणाऱ्या सरू आजी (रुक्मिणी सुतार) हे पात्र विशेष लोकप्रिय झाले.

मालिकेचे दुसरे पर्व डिसेंबर २०२१ मध्ये आणि ‘देवमाणूस – मधला अध्याय’ हे पुढचे पर्व जून २०२५ मध्ये सुरू झाले.

सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याकांडाशी या मालिकेचा संबंध वृत्तपत्रांनी जोडला. वाई परिसरात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका व्यक्तीला ऑगस्ट २०१६ मध्ये अटक झाली. २००३ पासूनच्या काळात सहा जणांची हत्या केल्याचा आरोप तिच्यावर ठेवण्यात आला. बळींमध्ये बहुसंख्य स्त्रिया होत्या. धोम येथील शेतघराच्या आवारातून मृतदेह उकरून काढण्यात आले. आधीच्या व्यक्ती वेगवेगळ्या वर्षी बेपत्ता झाल्या होत्या. त्या घटनांमधील दुवा जुळण्यास तेरा वर्षे लागली. मालिकेतील पात्रे व प्रसंग मात्र काल्पनिक आहेत.

मानवत मर्डर्स

४ ऑक्टोबर २०२४ रोजी सोनी लिव्ह या मंचावर प्रदर्शित झालेली ही मराठी मालिका आशिष अविनाश बेंडे यांनी दिग्दर्शित केली आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया व लहान मुलींच्या हत्या झाल्या. गुप्तधनाचा लोभ आणि नरबळीची अंधश्रद्धा यांच्याशी त्यांचा संबंध असल्याचे तपासात पुढे आले. स्थानिक पातळीवर उलगडा होत नसल्याने तपास गुन्हे अन्वेषण विभागाकडे देण्यात आला आणि रमाकांत कुलकर्णी यांची त्यावर नेमणूक झाली. मुंबईतील रामन राघव प्रकरणाच्या (१९६८) तपासामुळे कुलकर्णी यांचे नाव आधीच सर्वतोमुखी झाले होते. त्यांच्या ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या पुस्तकावर मालिका आधारित आहे. आशुतोष गोवारीकर यांनी कुलकर्णी यांची भूमिका केली असून मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी व सई ताम्हणकर यांच्याही प्रमुख भूमिका आहेत. बाहेरून आलेला कुशल तपास अधिकारी आणि भयाने मुके झालेले गाव ही रचना असल्यामुळे ही मालिका इंग्रजी परंपरेच्या सर्वांत जवळ जाते.

रचनेची वैशिष्ट्ये

स्थळ

इंग्रजी मालिकांत चर्च, पाद्रीचे निवासस्थान, गावचा गुत्ता, हिरवळ आणि उन्हाळी जत्रा ही ठरावीक स्थळे असतात. मराठी मालिकांत त्यांची जागा वाडा, पार, देऊळ, ग्रामपंचायत, दवाखाना, विहीर आणि उसाचे शेत यांनी घेतली आहे. त्यांतील वाडा आणि शेत ही स्थळे विशेष अर्थपूर्ण ठरतात. वाडा हा वडिलोपार्जित सत्तेचे आणि वाटणीच्या भांडणाचे प्रतीक होतो, तर उंच वाढलेला ऊस आणि वस्तीपासून दूर असलेले शेतघर ही गुन्हा लपविण्याची ठिकाणे होतात.

शोध घेणारी व्यक्ती

मिस मार्पल किंवा फादर ब्राउन यांच्यासारखा हौशी शोधकर्ता मराठी मालिकांत अभावानेच आढळतो. गावातील निवृत्त शिक्षिका किंवा पुजारी खुनाचा छडा लावतो, असे कथानक मराठी दूरचित्रवाणीवर रुळलेले नाही. शोधकर्ता बहुधा पोलीस असतो आणि तो गावाबाहेरचा असतो. गावातील व्यक्ती शोधकर्ता होऊ शकत नाही, कारण ती जमीन, भाऊबंदकी, जात आणि उपकार यांच्या जाळ्यात स्वतः गुंतलेली असते. तिने विचारलेल्या प्रश्नाला पक्ष चिकटतो. विचर यांना १८६० मध्ये आलेला अनुभव पाहता हा पेच इंग्लंडलाही नवा नव्हता. पुढील इंग्रजी रहस्यकथेने हौशी शोधकर्ता निर्माण करून त्यातून वाट काढली.

गावाचे ज्ञान

मिस मार्पलच्या कथांत गावगप्पा हे पुराव्याचे साधन असते. मराठी मालिकांत त्याच गावगप्पा दुधारी होतात. ‘देवमाणूस’मध्ये गाव डॉक्टरविषयी सतत बोलत असते, परंतु ते बोलणे कौतुकाचे असल्यामुळे तेच त्याचे संरक्षक कवच ठरते. नाहीशी झालेली स्त्री ‘कोणाबरोबर तरी निघून गेली असेल’ अशी चर्चा एकदा सुरू झाली की तिचा शोध थांबतो आणि कुटुंबही लाजेपोटी पाठपुरावा करीत नाही. खुनाची शंका येण्यापूर्वीच बदनामी तिची जागा घेते.

उलटी रहस्यरचना

‘देवमाणूस’मध्ये गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला आरंभापासून माहीत असते. रहस्यकथेच्या शास्त्रात या पद्धतीला उलटी रहस्यरचना म्हणतात. ‘कोलंबो’ ही अमेरिकी मालिका तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे. प्रेक्षकाला सर्व ठाऊक आणि गावाला काहीच ठाऊक नाही, या अंतरातून ताण निर्माण होतो. ‘खून कोणी केला’ हे कुतूहल येथे उरतच नाही. गावाच्या डोळ्यांवरील पट्टी केव्हा सुटेल, याची प्रतीक्षा उरते.

भाषा आणि विनोद

या मालिकांत बोलीभाषेला महत्त्वाचे स्थान आहे. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये मालवणी, ‘देवमाणूस’मध्ये सातारा-सांगली भागातील ग्रामीण बोली वापरली आहे. बाहेरून आलेली पात्रे प्रमाण मराठी किंवा हिंदीमिश्रित मराठी बोलतात, त्यामुळे आतला आणि बाहेरचा हा भेद भाषेतूनच स्पष्ट होतो. पांडू, सरू आजी यांच्यासारखी विनोदी पात्रे ताण हलका करतात. शिवाय, ज्यांचे बोलणे कोणी गांभीर्याने घेत नाही त्यांच्या तोंडून खरी गोष्ट निघून जाते, हे लोकनाट्यातील सोंगाड्याच्या परंपरेशी जुळणारे तंत्रही त्यांच्याद्वारे वापरले जाते.

ग्रामीण तपासाची प्रत्यक्ष व्यवस्था

मालिकांत फारशी न दिसणारी, परंतु महाराष्ट्रातील ग्रामीण तपासात महत्त्वाची असलेली व्यक्ती म्हणजे पोलीस पाटील. वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी १९६० च्या दशकात कायद्याने संपुष्टात आली. त्यानंतर महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटील या पदाची रचना झाली. गावातील गुन्हे आणि शांततेस बाधा आणणाऱ्या घटना यांची माहिती पोलीस ठाण्यास कळविणे, तसेच तपासात साहाय्य करणे ही त्यांची कर्तव्ये आहेत. पोलीस पाटील मानधनावर काम करतात आणि त्याच गावचे रहिवासी असतात. गावाची माहिती असणे हे त्यांचे बळ आणि गावातच राहावे लागणे ही त्यांची मर्यादा असते.

संशयास्पद मृत्यू झाल्यास पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करून पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतात. पूर्वी ही कार्यवाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ अन्वये होत असे; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ लागू आहे. मृतदेह शवविच्छेदनासाठी शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठविला जातो. प्रौढ व्यक्ती नाहीशी झाली असल्यास मात्र आरंभी केवळ ‘मिसिंग’ अशी नोंद होते. मृतदेह सापडत नाही तोवर पंचनामा नाही आणि शवविच्छेदनही नाही. बेपत्ता व्यक्ती हे मराठी ग्रामीण रहस्यमालिकेचे वारंवार येणारे कथाबीज का आहे, हे या कार्यपद्धतीवरून लक्षात येते.

चित्रीकरण स्थळे

मुंबई-पुण्यातील कृत्रिम नेपथ्याऐवजी प्रत्यक्ष गावांत चित्रीकरण करण्याची प्रथा २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी मालिकांत वाढली. कोल्हापूरजवळच्या वसगडे येथे ‘तुझ्यात जीव रंगला’, तर सातारा परिसरात ‘लागिरं झालं जी’ या कौटुंबिक मालिकांचे चित्रीकरण झाले. ‘लागिरं झालं जी’ ही ‘देवमाणूस’च्याच निर्मात्यांची मालिका असून किरण गायकवाड तीत भैय्यासाहेब या भूमिकेत होते. वाई आणि मेणवली ही गावे ‘गंगाजल’ (२००३), ‘स्वदेस’ (२००४) यांसारख्या हिंदी चित्रपटांमुळे आधीच चित्रीकरणासाठी ज्ञात होती. अशा चित्रीकरणामुळे सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील स्थानिक नाट्यकलावंतांना दूरचित्रवाणीवर संधी मिळाली.

इंग्लंडमध्ये ‘मिडसमर मर्डर्स’च्या चित्रीकरण स्थळांना पर्यटक भेट देतात; ऑक्सफर्डशायरमधील वॉलिंगफर्ड हे गाव मालिकेतील कॉस्टन म्हणून ओळखले जाते. त्याचप्रमाणे आकेरी येथील वाडा ‘अण्णा नाईकांचा वाडा’ म्हणून पर्यटकांचे आकर्षण ठरला.

टीका आणि वाद

‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाल्यावर सिंधुदुर्गातून तिला विरोध झाला. मालिकेमुळे कोकण म्हणजे भुताखेतांचा व करणीचा प्रदेश अशी प्रतिमा पसरते आणि अंधश्रद्धेस खतपाणी मिळते, असे आक्षेप घेण्यात आले. मालिका बंद करण्याची मागणीही झाली. या वादाला महाराष्ट्रात निकटची पार्श्वभूमी होती. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते, मूळचे साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा राज्यात अस्तित्वात आला. मालिकेच्या समर्थकांनी मात्र बोलीभाषेला मिळालेली प्रतिष्ठा आणि अभिनय यांकडे लक्ष वेधले.

‘देवमाणूस’संदर्भात उपस्थित होणारा प्रश्न निराळा आहे. प्रत्यक्ष हत्याकांडाची आठवण ताजी असताना आणि मृतांचे आप्त त्याच परिसरात राहत असताना अशा घटनेचे दैनंदिन मनोरंजनात रूपांतर करावे का, हा त्याचा गाभा. मालिकेचे नाव आणि कथेचा केंद्रबिंदू दोन्ही खलनायकाचे आहेत. त्याचे चातुर्य प्रत्येक भागात नव्याने दिसते, तर बळी पडणारी पात्रे येतात आणि जातात. दुसऱ्या बाजूने असे म्हणता येते की, दवाखान्यातील पदवी तपासून न पाहणे, बेपत्ता स्त्रीविषयी कुजबुज करून थांबणे आणि प्रतिष्ठित माणसावर शंका घेण्यास कचरणे या सवयी मालिकेने घरोघरी चर्चेत आणल्या.

प्रतिमेविषयीचा वाद इंग्लंडमध्येही झाला आहे. २०११ मध्ये ‘मिडसमर मर्डर्स’चे निर्माते ब्रायन ट्रू-मे यांनी मालिकेत वांशिक अल्पसंख्याक पात्रे नसणे हे तिच्या इंग्रजीपणाला साजेसे असल्याचे मत मुलाखतीत मांडले. त्यावरून त्यांना काही काळ निलंबित करण्यात आले. पुढील भागांत पात्रांमध्ये विविधता आणण्यात आली. खेड्याचे चित्र रंगवताना कोणाला वगळले जाते, हा त्या वादाचा मुद्दा होता. मराठी ग्रामीण रहस्यमालिकांनाही तो लागू होतो. जात हा खेड्यातील मौनाचा महत्त्वाचा घटक ‘सामना’मध्ये सूचकपणे उपस्थित आहे, दैनंदिन मालिकांत तो क्वचितच उघडपणे येतो.

समारोपाची पद्धत

ऑडन यांनी वर्णिलेल्या इंग्रजी रचनेत गुन्हेगार सापडताच गाव पूर्वस्थितीला येते. मराठी मालिकांत असा निर्णायक शेवट सहसा होत नाही. त्याचे एक कारण व्यावसायिक आहे: आठवड्यातील पाच-सहा दिवस चालणारी मालिका लोकप्रिय असेपर्यंत खलनायकाला परत यावेच लागते, म्हणून अण्णा नाईक आणि देवमाणूस ही पात्रे नव्या पर्वांत पुन्हा अवतरली. दुसरे कारण कथेच्या स्वरूपात आहे. अपराध एका व्यक्तीचा असला तरी तो वर्षानुवर्षे चालू राहण्यास अनेकांचे मौन साहाय्यभूत झालेले असते. अटकेनंतर त्या मौनाचा हिशेब शिल्लक राहतो. आठ भागांत संपणाऱ्या ‘मानवत मर्डर्स’ने मंचांवरील मर्यादित मालिकांसाठी वेगळा पर्याय उपलब्ध करून दिला; तीत तपास पूर्णत्वास जातो आणि त्याची किंमतही दाखविली जाते.

हे सुद्धा पहा

• मराठी रहस्यकथा
• बाबूराव अर्नाळकर
• सामना (चित्रपट)
• ॲगाथा ख्रिस्ती
• पोलीस पाटील
• महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती